लिथियम आणि शरीरातील विकरे: बायपोलर आजाराच्या उपचाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील ज्या मराठी कुटुंबांत कोणी ना कोणी बायपोलर आजारासाठी लिथियमची गोळी घेत आहे, त्यांच्याकडून वर्षभर येत राहणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मी जीवरसायनशास्त्र शिकवीत आले आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे हे औषध शरीरात काय करते आणि का करते एवढेच येथे मांडले आहे. कोणी किती घ्यावे, कधी वाढवावे, कधी थांबवावे हे मनोविकारतज्ज्ञच ठरवतील. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिथियम हे औषध आहे की क्षार? माझ्या मुलाच्या गोळीवर ‘लिथियम कार्बोनेट’ असे लिहिले आहे.

दोन्ही म्हणणे बरोबर आहे. लिथियम हे आवर्तसारणीतील तिसरे मूलद्रव्य असून सोडियम आणि पोटॅशियम यांच्याच कुळातला तो सर्वांत हलका धातू आहे. १८१७ मध्ये स्वीडनच्या योहान आर्फवेडसन यांना तो पेटालाइट नावाच्या खनिजात सापडला. गोळीत तो कार्बोनेट क्षाराच्या रूपात असतो; ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लिथियम सुमारे ५६ मिलिग्रॅमच असते. पोटात गेल्यावर क्षार फुटतो आणि पुढचे सगळे काम लिथियमचा एकटा आयन करतो. मनोविकारांवरची इतर बहुतेक औषधे मोठ्या, गुंतागुंतीच्या रेणूंची असतात. लिथियम मात्र एकच विद्युतभारित अणू आहे आणि त्याचे गुण व त्याचे धोके या लहानपणातूनच येतात. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादाच्या, म्हणजे मन अतिउत्साहाच्या टोकाला गेलेल्या, रुग्णांवर त्याचा परिणाम प्रसिद्ध केला, पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी नियंत्रित चाचण्यांनी तो पक्का केला, आणि १९७० मध्ये अमेरिकेत त्याला अधिकृत मान्यता मिळाली.

२. विकर म्हणजे नेमके काय, आणि लिथियम त्याच्याशी काय करते?

विकर म्हणजे एन्झाइम: शरीरातील एखादी ठरावीक रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन. पेशीतील अनेक विकरांना आपले काम करण्यासाठी मॅग्नेशियमचा आयन सोबत लागतो. फॉस्फेट गट जोडणारी किंवा तोडणारी पुष्कळ विकरे तर त्याच्याशिवाय चालतच नाहीत. लिथियमचा आयन आणि मॅग्नेशियमचा आयन आकाराने जवळजवळ सारखे आहेत, कारण लिथियमची त्रिज्या सुमारे ७६ पिकोमीटर आहे आणि मॅग्नेशियमची सुमारे ७२. त्यामुळे काही विकरांमध्ये मॅग्नेशियमसाठी असलेल्या जागेत लिथियम शिरू शकते. परंतु मॅग्नेशियमवर दोन धनभार असतात आणि लिथियमवर एकच, म्हणून जागा भरली तरी काम होत नाही आणि विकर मंदावते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मॅग्नेशियम लागणारी विकरे शेकड्यांनी आहेत, पण उपचारात वापरल्या जाणाऱ्या मात्रेत लिथियमने मंदावणारी विकरे मोजकीच आहेत. जीएसके-३ आणि इनोसिटॉल मोनोफॉस्फेटेज ही त्यांतली दोन मुख्य नावे, ज्यांच्याविषयी प्रश्न ३ आणि ४ मध्ये सविस्तर लिहिले आहे. यांखेरीज इनोसिटॉल पॉलिफॉस्फेट १-फॉस्फेटेज, बिस्फॉस्फेट न्यूक्लिओटिडेज, फ्रुक्टोज बिस्फॉस्फेटेज आणि फॉस्फोग्लुकोम्युटेज यांवरही लिथियमचा परिणाम होतो.

३. जीएसके-३ हे नाव सारखे वाचनात येते. ते विकर काय करते आणि त्याला रोखल्याने मन स्थिर कसे होते?

जीएसके-३ म्हणजे ग्लायकोजेन सिंथेज कायनेज-३. ग्लायकोजेन बनवणाऱ्या विकराला फॉस्फेट जोडून त्याला थांबवणारे म्हणून १९८० च्या सुमारास ते ओळखले गेले आणि नावही त्यावरूनच पडले. पण पुढे असे दिसून आले की ते कितीतरी वेगवेगळ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडते आणि मेंदूत ते विपुल प्रमाणात आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की बहुतेक कायनेजे, म्हणजे फॉस्फेट जोडणारी विकरे, संदेश आल्यावर कामाला लागतात, तर जीएसके-३ एरवी चालूच असते आणि संदेश आल्यावर थांबते.

लिथियमशी त्याचा संबंध मनोविकारांच्या अभ्यासातून नव्हे, तर बेडकाच्या गर्भाच्या अभ्यासातून उघड झाला. लिथियम दिल्यावर या गर्भाच्या शरीराची घडण बिघडते हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. पीटर क्लाइन आणि डग्लस मेल्टन यांनी १९९६ मध्ये दाखवले की त्यामागे जीएसके-३ चे मंदावणे आहे. मात्र प्रयोगनळीत या विकराला निम्म्याने रोखायला सुमारे २ मिलिमोल प्रति लिटर लिथियम लागते आणि रुग्णाच्या रक्तात ते साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर इतकेच असते. म्हणजे थेट परिणाम अर्धवटच होणार. ही शंका पुष्कळांनी घेतली आणि ती रास्त होती.

तिचे उत्तर दुसऱ्या वाटेने मिळाले. जीएसके-३ च्या साखळीतील नवव्या स्थानावरच्या सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडला गेला की हे विकर स्वतःच थांबते आणि तो फॉस्फेट जोडण्याचे काम एकेटी नावाचे दुसरे कायनेज करते. डोपामिनच्या संदेशामुळे एकेटी, बीटा-अरेस्टिन-२ आणि पीपी२ए ही तीन प्रथिने एकत्र येतात व त्या जोडणीत एकेटी निष्क्रिय होते. ही जोडणी टिकायलाही मॅग्नेशियम लागते. लिथियम ती मोडते, एकेटी मोकळे होते आणि जीएसके-३ ला आवर घालते. मार्क कॅरन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवरील अभ्यासातून हे मांडले. थेट आणि आडवळणाचा असे दोन्ही परिणाम मिळून कमी मात्रेतही पुरेसा फरक पडतो.

मन स्थिर होण्याचा धागा येथून पुढे दोन ठिकाणी जातो. जीएसके-३ थांबल्याने बीटा-कॅटेनिन हे प्रथिन नष्ट न होता साठते आणि पेशीच्या केंद्रकात जाऊन चेतापेशींच्या जपणुकीशी व जोडण्यांशी संबंधित जनुके चालू करते. आणि शरीराच्या दिवस-रात्रीच्या घड्याळातील रेव्ह-अर्ब-अल्फा हे प्रथिनही जीएसके-३ मुळेच टिकून असते. लिथियमने ते लवकर नष्ट होते आणि घड्याळाची चाल बदलते, असे २००६ मध्ये दाखवले गेले. ज्या आजारात एका रात्रीचे जागरणसुद्धा उन्मादाचे निमित्त होऊ शकते, त्यात हे औषध झोपेच्या घड्याळापर्यंत पोहोचते ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

४. इनोसिटॉलचा सिद्धान्त काय आहे?

चेतापेशीला बाहेरून संदेश मिळाला की तिच्या आवरणातील एक स्निग्ध रेणू फुटतो आणि त्यातून आयपी३ हा आतला निरोप्या तयार होतो, जो पेशीत कॅल्शियम सोडवतो. काम झाल्यावर आयपी३ वरचे फॉस्फेट एकेक करून काढले जातात. शेवटचा फॉस्फेट काढून मोकळे इनोसिटॉल परत देणारे विकर म्हणजे इनोसिटॉल मोनोफॉस्फेटेज. रक्तातले इनोसिटॉल मेंदूत सहज शिरत नाही, म्हणून मेंदूला हे वापरून परत मिळवण्याचे चक्र चालू ठेवावेच लागते.

लिथियम नेमका हा शेवटचा टप्पा अडवते. १९७१ मध्ये ॲलिसन आणि स्टुअर्ट यांना लिथियम दिलेल्या उंदीरजातीच्या प्राण्यांच्या मेंदूत इनोसिटॉल घटलेले आढळले. १९८० मध्ये हॅल्चर आणि शर्मन यांनी त्यामागचे विकर दाखवून दिले. आणि १९८० च्या दशकात मायकेल बेरिज यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून ‘इनोसिटॉल घटण्याचा सिद्धान्त’ मांडला.

या अडवणुकीची रीत नेहमीपेक्षा वेगळी आहे. सामान्यतः अडवणारा पदार्थ विकराची मोकळी जागा पटकावतो आणि मूळ पदार्थ वाढला की तो मागे हटतो. येथे मात्र विकराने मूळ पदार्थ हाती घेतल्यानंतरच लिथियम त्यात शिरते आणि सुटू पाहणारा फॉस्फेट आतच अडकवून ठेवते. रस्त्यात एक गाडी बंद पडली तर वाहतूक जितकी जास्त तितकी कोंडी मोठी, तसेच हे आहे: ज्या चेतापेशी अतिउत्तेजित आहेत त्यांच्यात हा परिणाम अधिक आणि शांत पेशींत तो कमी. उन्मादाच्या टोकाला गेलेल्या मेंदूला लिथियम खाली आणते, पण निरोगी माणसाला फारसे झोपाळू करत नाही, या अनुभवाशी हे स्पष्टीकरण चांगले जुळते.

५. मग खरे कारण कोणते, जीएसके-३ की इनोसिटॉल?

कोणतेही एकच कारण सिद्ध झालेले नाही आणि माझ्या मते एकच असण्याची गरजही नाही. लिथियमचा आयन पेशीत एका वेळी दोन्ही विकरांच्या सान्निध्यात असतो. तो एकाला भेटून दुसऱ्याला टाळत नाही. जी मांडणी एकाच विकरावर सगळा भार टाकते तिच्याविषयी सावध राहावे. दोन्ही वाटा अखेरीस चेतापेशीच्या आतल्या संदेशवहनाला आवर घालतात एवढे निश्चित म्हणता येते.

६. रक्तात लिथियम चार-पाच दिवसांत स्थिर होते असे सांगतात. मग गुण यायला आठवडे का लागतात?

विकर मंदावणे हे पहिले पाऊल असते, गुण येणे हे पुष्कळ पुढचे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायपोलर नैराश्याच्या रुग्णांच्या मेंदूचे चुंबकीय पद्धतीने मापन केले गेले. पुढच्या भागातील इनोसिटॉल पहिल्या आठवड्यातच घटलेले दिसले, पण नैराश्य तेव्हा ओसरले नव्हते, ते पुढील आठवड्यांत ओसरले. म्हणजे विकर थांबल्यानंतर जनुकांचे वाचन बदलते, नवी प्रथिने तयार होतात, पेशींच्या जोडण्या हळूहळू सावरतात, आणि मग माणूस सावरतो. उन्मादात सामान्यतः एक ते तीन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला डॉक्टर सोबत दुसरे, लवकर काम करणारे औषध देतात. घरच्यांनी दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी बंद करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

७. यकृतातील विकरांवर लिथियमचा परिणाम होतो का? एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी का?

लिथियम यकृतात मोडतच नाही. ते रक्तातील प्रथिनांनाही चिकटत नाही. जसेच्या तसे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणून औषधे मोडणारी यकृतातील विकरे त्याला लागत नाहीत आणि केवळ लिथियमसाठी यकृताच्या तपासणीची गरज नसते. तपासायचे ते मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, तसेच थायरॉईड आणि कॅल्शियम. बायपोलर आजारात दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिन आणि व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या औषधांची गोष्ट उलट आहे: कार्बामाझेपिन यकृतातील विकरे वाढवून इतर औषधांची आणि स्वतःचीही पातळी खाली आणते, तर व्हॅल्प्रोएट काही विकरे अडवून इतर औषधांची पातळी वाढवते. त्या गोळ्या चालू असतील तर यकृताची तपासणी आवश्यक आहे.

८. दर काही महिन्यांनी रक्त का तपासायचे? आणि गोळी घेऊन लगेच रक्त दिले तर चालते का?

गुण देणारी पातळी आणि बाधणारी पातळी यांत अंतर फार थोडे आहे. दीर्घकालीन उपचारात साधारणपणे ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर पातळी ठेवतात, तीव्र उन्मादात थोडी अधिक, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, आणि वृद्धांत त्याहून कमी पातळीलाही. विकरांच्या भाषेत सांगायचे तर आपल्याला त्यांना अर्धवटच मंदावायचे आहे, पूर्ण थांबवायचे नाही.

रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यावे, कारण सगळे मापदंड त्याच वेळेवर बेतलेले आहेत. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला रक्त द्यावे आणि सकाळची गोळी असल्यास ती रक्त दिल्यानंतर घ्यावी. मात्रा बदलल्यावर किमान पाच दिवस थांबून तपासावे.

एक अपवाद प्रयोगशाळेलाही सांगून ठेवावा. रक्त गोठू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या काही नळ्यांत लिथियम हेपॅरिन असते. अशा नळीत रक्त घेतले तर नळीतलेच लिथियम मोजले जाऊन पातळी खोटी वाढलेली दिसते. रुग्णाला काहीच त्रास नाही आणि अहवालात आकडा अचानक फार मोठा आला, तर घाबरण्यापूर्वी नळी कोणती होती ते विचारावे आणि डॉक्टरांना कळवून साध्या नळीत पुन्हा तपासणी करून घ्यावी. त्रास होत असेल तर मात्र नळीची चौकशी करीत न बसता प्रश्न १६ पाहावा.

९. माझी मुलगी शेजारच्या मैत्रिणींबरोबर जयापार्वतीचे व्रत धरते. पाच दिवस अळणी खाल्ले तर लिथियमवर परिणाम होतो का? नवरात्राचे काय?

होतो, आणि तो गंभीर होऊ शकतो. बडोद्यात हा प्रश्न दर आषाढात येतो, म्हणून याचे उत्तर जरा विस्ताराने देते.

मूत्रपिंडाला लिथियम आणि सोडियम यांतला फरक नीट कळत नाही. गाळलेल्या लिथियमपैकी सुमारे ८० टक्के भाग सोडियमच्या बरोबरच परत शोषला जातो. आहारातले मीठ अचानक बंद झाले की शरीर सोडियम वाचवू लागते आणि सोडियमबरोबर लिथियमही वाचवते. गोळी तीच, पण रक्तातली पातळी चढते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खायला दिले जात होते. ही माणसे नेमकी मीठ वर्ज्य केलेली होती, त्यांच्या शरीरात लिथियम साठत गेले, काही दगावली, आणि १९४९ मध्ये तो पदार्थ बाजारातून काढावा लागला.

मोळाकत म्हणजे गौरीव्रत आणि जयापार्वती या दोन्ही व्रतांत अळणी खावे लागते आणि जयापार्वतीच्या शेवटी रात्रभर जागरण असते. म्हणजे एकीकडे लिथियमची पातळी चढण्याची सोय आणि दुसरीकडे उन्मादाला निमंत्रण देणारे जागरण, असे दोन्ही एकाच व्रतात येतात. लिथियम घेणाऱ्या मुलीने हे व्रत करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. घरातील मोठ्यांना समजावून सांगावे की आजारपणात व्रत सोडण्याची मोकळीक आपल्या परंपरेने नेहमीच दिली आहे.

एकादशीला किंवा नवरात्राच्या उपवासाला सैंधव चालते. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे नेहमीइतके सैंधव आणि भरपूर पाणी घेतले तर सोडियम तुटत नाही. निर्जळी उपवास मात्र टाळावा. गरबा तास दोन तास खेळून, मध्ये पाणी-ताक घेऊन, ठरलेल्या वेळी झोपायला जाणे योग्य आहे. नऊ रात्री दोन वाजेपर्यंत खेळणे योग्य नाही. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात, आणि मे महिन्यातल्या बडोद्याच्या उन्हात तर गरब्याशिवायही जातात. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी घ्यावी की थांबवावी ते विचारावे.

उलट बाजूही आहे. मीठ एकाएकी खूप वाढवले तर लिथियम अधिक बाहेर पडते आणि पातळी खाली येते. सोडा घातलेले गाठिये-फाफडे रोजच्या सवयीचे असतील तर चिंता नाही, कारण मात्रा त्या सवयीवरच ठरलेली असते. घातक असतो तो अचानक बदल. रक्तदाबासाठी मिळणारे ‘कमी सोडियमचे’ मीठ सुरू करणे हाही असाच बदल आहे.

१०. आमच्या दादाला सारखी तहान लागते आणि रात्री चार-पाच वेळा उठावे लागते. साखर तपासली, ती नॉर्मल आहे. हे लिथियममुळे का?

बहुधा होय, आणि यामागेही एक विकरच आहे. मूत्रपिंडाच्या शेवटच्या नलिकांतील पेशींना व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक ‘पाणी परत घ्या’ असा आदेश देते. तो आदेश पेशीत ॲडेनिलेट सायक्लेज हे विकर पुढे नेते आणि मग पाण्याची दारे, म्हणजे ॲक्वापोरिन-२ ही प्रथिने, पेशीच्या पृष्ठभागावर येतात. लिथियम या पेशींत सोडियमच्या मार्गाने शिरते, पण सोडियम बाहेर काढणारी यंत्रणा त्याला तितक्या सहज बाहेर काढू शकत नाही. ते साठते, विकर मंदावते, दारे कमी होतात आणि पाणी लघवीवाटे वाहून जाते.

तहान लागते म्हणून पाणी तोडू नये. तसे केल्यास प्रश्न ९ मधली अडचण उभी राहते. डॉक्टर मात्रा कमी करतात, दिवसाची सगळी मात्रा एकदाच रात्री देतात किंवा ॲमिलोराइड देतात, जे लिथियमचा त्या पेशींत शिरण्याचा मार्गच अडवते.

११. थायरॉईडचे काय?

लिथियम थायरॉईड ग्रंथीत साठते आणि तयार संप्रेरक रक्तात सोडण्याची क्रिया मंदावते, म्हणून थायरॉईडला चालना देणारे टीएसएच हे संप्रेरक वाढू शकते; स्त्रियांत हे अधिक आढळते. थायरॉक्सिनची गोळी सुरू केली की बहुतेकांचे काम भागते, लिथियम बंद करावे लागत नाही. थकवा, सुस्ती, वजन वाढणे ही लक्षणे नैराश्याचीच समजून सोडून देऊ नयेत, टीएसएच पाहावे.

१२. गुडघेदुखीसाठी किंवा रक्तदाबासाठी घेतलेल्या गोळ्यांनी लिथियमची पातळी बदलते का?

बदलते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या सायक्लोऑक्सिजनेज हे विकर अडवतात. त्यामुळे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणि लिथियम बाहेर टाकण्याची गती कमी होते. अंगदुखी-तापासाठी पॅरासिटामॉल हा सुरक्षित पर्याय आहे. रक्तदाबाच्या औषधांपैकी हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी मूत्रल औषधे, रामिप्रिल-एनालाप्रिल यांसारखी अँजिओटेन्सिन तयार करणारे विकर अडवणारी औषधे आणि टेल्मिसार्टन-लोसार्टन ही सगळी पातळी वाढवू शकतात. ॲम्लोडिपिन सहसा वाढवत नाही. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय वेदनाशामक घेण्याची आपल्याकडची सवय लिथियम घेणाऱ्या माणसासाठी खरोखर धोक्याची आहे.

१३. माझ्या मुलीला पीसीओएस या अंडाशयाच्या तक्रारीसाठी मायो-इनोसिटॉलची पुडी दिली आहे आणि मनोविकारतज्ज्ञांनी लिथियम. एक इनोसिटॉल घटवते, दुसरे वाढवते. दोन्ही एकमेकांना निष्फळ करणार नाहीत का?

प्रश्न ४ वाचल्यावर ही शंका येणे स्वाभाविकच आहे. तोंडाने घेतलेले इनोसिटॉल रक्तात वाढते, पण मेंदूत त्याचा शिरकाव मर्यादित असतो. म्हणून मेंदूबाहेरच्या अवयवांत ते लिथियमच्या काही परिणामांना खोडून काढू शकते. लिथियममुळे वाढलेल्या सोरायसिसवर इनोसिटॉल दिल्याने फायदा झाल्याचे एका लहान चाचणीत आढळले. मेंदूतला गुण त्यामुळे जातो असे सिद्ध झालेले नाही, पण तत्त्वतः विरोध आहे. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवाव्यात आणि पुडी सुरू केल्यानंतर मनःस्थितीकडे काही महिने बारकाईने लक्ष ठेवावे. ही पुडी औषध नसून ‘सप्लिमेंट’ आहे म्हणून मनोविकारतज्ज्ञांना सांगायचेच राहून जाते, असे मी वारंवार पाहते.

१४. लिथियम मॅग्नेशियमची जागा घेते, तर मॅग्नेशियमच्या गोळ्या घेऊन दुष्परिणाम कमी होतील का?

नाही. पेशीच्या आतले मॅग्नेशियम शरीर फार काटेकोरपणे सांभाळते; गोळी घेतल्याने विकराजवळचे प्रमाण मनाजोगते वाढत नाही. उलट मॅग्नेशियमच्या जास्त मात्रेने किंवा मॅग्नेशियमयुक्त रेचकाने जुलाब होतात आणि पाणी-मीठ कमी होऊन लिथियम वाढते.

१५. विकरे ठाऊक आहेत, तर फक्त त्यांनाच रोखणारे, दुष्परिणाम नसलेले नवे औषध का निघत नाही?

प्रयत्न झाले आहेत. इनोसिटॉल मोनोफॉस्फेटेज नेमके अडवणारे एल-६९०,३३० नावाचे संयुग तयार झाले, पण ते मेंदूत पुरेसे शिरत नाही. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एबसेलेन हे आधीच मानवांत वापरलेले संयुग हेच विकर अडवते असे दाखवले आणि त्यावर पुढे चाचण्या झाल्या. तरीही लिथियमची जागा त्याने घेतलेली नाही. जीएसके-३ ची अडचण वेगळी आहे: जे बीटा-कॅटेनिन मेंदूत हवे आहे, तेच इतर अवयवांत जास्त साठले तर पेशींच्या अनियंत्रित वाढीला साथ देऊ शकते, म्हणून या विकराला जोरात आणि सगळीकडे रोखणारे औषध देणे जोखमीचे आहे. लिथियमचा सौम्य, अर्धवट परिणाम हा कदाचित त्याचा दोष नसून गुण असावा, असे मला वाटते.

१६. विषबाधा झाली हे घरी कसे ओळखावे?

हाताला बारीक कंप हा नेहमीचा, सौम्य परिणाम आहे. कंप जाड होणे, उलट्या-जुलाब, चालताना झोक जाणे, बोलणे जड किंवा अडखळत होणे, गुंगी, गोंधळलेपण ही विषबाधेची लक्षणे आहेत. पुढची गोळी देऊ नये आणि विलंब न लावता मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे, गोळ्यांचे पाकीट सोबत घ्यावे. तीव्र विषबाधेत डायलिसिसने लिथियम काढता येते, कारण ते प्रथिनांना चिकटलेले नसते. मानसिक त्रासाविषयी रात्री-अपरात्री बोलायचे असेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते, परंतु वरील लक्षणे असताना फोनवर वेळ घालवू नये.

१७. गरोदरपणात लिथियम चालते का? आणि बरे वाटू लागल्यावर ते बंद करता येते का?

दोन्ही बाबतींत एकच गोष्ट आधी सांगते: अचानक बंद करू नये. एकाएकी बंद केल्यास उन्माद उलटण्याचा आणि आत्महत्येच्या विचारांचा धोका वाढतो. डॉक्टर बंद करायचे ठरवतात तेव्हा किमान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन मात्रा उतरवतात.

गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयातील दोषाचा धोका थोडा वाढतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हा धोका पूर्वी समजला जात होता त्यापेक्षा कमी आणि मात्रेप्रमाणे वाढणारा आढळला. शिवाय गरोदरपणात मूत्रपिंड लिथियम अधिक वेगाने बाहेर टाकते, म्हणून पातळी खाली जाते आणि तपासणी वारंवार करावी लागते. बाळंतपणानंतर ती पुन्हा झपाट्याने वर येते. मूल हवे असेल तर दिवस राहण्यापूर्वीच मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांशी बोलावे.

१८. माझ्या मोठ्या बहिणीला लिथियम उत्तम लागू पडले, धाकट्या भावाला मुळीच नाही. दोघांची विकरे वेगळी आहेत का?

जीएसके-३ किंवा इनोसिटॉल मोनोफॉस्फेटेज यांच्या जनुकांत फरक असल्यामुळे असे होते, ही अपेक्षा अनेकांना होती. २०१६ मध्ये अनेक देशांतील सुमारे अडीच हजार रुग्णांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली तेव्हा गुण येण्याशी संबंधित ठिकाण एकविसाव्या गुणसूत्रावर सापडले, या विकरांच्या जनुकांवर नव्हे. त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकेतील सॉल्क संस्थेच्या संशोधकांनी बायपोलर रुग्णांच्या त्वचेतील पेशींपासून प्रयोगशाळेत चेतापेशी तयार केल्या होत्या. सगळ्याच रुग्णांच्या चेतापेशी अतिउत्तेजित होत्या, पण लिथियमने शांत झाल्या त्या फक्त ज्यांना प्रत्यक्षात लिथियम लागू पडले होते त्यांच्याच. म्हणजे फरक खरोखर पेशीतच आहे, केवळ गोळी नियमित घेण्या-न घेण्याचा नाही. भावाला गुण आला नाही म्हणून त्याला दोष देऊ नये.

आज दवाखान्यात उपयोगी पडणाऱ्या खुणा साध्या आहेत: उन्माद, मग नैराश्य, मग मधला पूर्ण निरोगी काळ असा आजाराचा क्रम, आणि रक्ताच्या नात्यात कोणाला तरी लिथियम लागू पडलेले असणे. भावाच्या डॉक्टरांना बहिणीचा अनुभव अवश्य सांगावा, आणि त्याला पुरेसा काळ, पुरेशा पातळीवर लिथियम मिळाले होते का, हे जुन्या अहवालांवरून एकदा पाहून घ्यावे. ते मिळूनही गुण नसेल तर व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन असे दुसरे उपाय आहेत.